हुकूमशहा निवडून आले, की त्यांना खुर्चीवर आणून बसवलं? (१९१९ ते १९३९)

शाळामास्तर

मी शाळेत इतिहास शिकवतो. दोन महायुद्धांमधला काळ शिकवायला घेतला की उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येतं: 'जर्मन जनतेने हिटलरला बहुमताने निवडून दिले.' पालकही हेच म्हणतात. परवा तर एका शिक्षक-मित्राने मोठ्या आत्मविश्वासाने हेच ऐकवलं.

मला हे पटत नाही. इटली आणि जर्मनीत हुकूमशहा मतपेटीतून आले नाहीत आणि नुसत्या दंडेलीनेही आले नाहीत. आधीपासून सत्तेत मुरलेल्या, शिकल्यासवरलेल्या, वयाने ज्येष्ठ माणसांनी त्यांना बोलावून घेतलं. याची गर्दी आपण वापरू, याला मात्र कह्यात ठेवू, असा त्यांचा हिशेब होता. सगळा दोष 'जनते'वर ढकलला की ही माणसं नामानिराळी राहतात, याचा मला राग येतो.

तुमचं मत काय? रशिया, स्पेन, पोर्तुगाल यांच्याबद्दल जाणकारांनी जरूर लिहावं.

आकडेमोड

मास्तर, आधी आकडे मांडतो, मग भांडू.

नाझी पक्ष, १९२८: २.६ टक्के मतं, १२ जागा.
सप्टेंबर १९३०: १८.३ टक्के, १०७ जागा.
जुलै १९३२: ३७.३ टक्के, २३० जागा.
नोव्हेंबर १९३२: ३३.१ टक्के, १९६ जागा.

मोकळ्या निवडणुकीत हिटलरला बहुमत एकदाही मिळालं नाही. शिवाय शेवटच्या आकड्याकडे नीट बघा, पक्ष उतरणीला लागला होता. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ ला, अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. मार्च १९३३ च्या निवडणुकीत रस्त्यावर नाझी पथकं आणि कम्युनिस्ट तुरुंगात असतानाही ४३.९ टक्क्यांवरच गाडी अडली.

हिरवी चिंच

आकडेमोड, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धवट आहे. ३७ टक्के म्हणजे त्या संसदेतला सर्वांत मोठा पक्ष, आणि तोही भरपूर अंतराने. जुलै १९३२ मध्ये कम्युनिस्टांना १४.३ टक्के मतं होती. दोघांची बेरीज करा. निम्म्याहून जास्त मतदारांनी अशा पक्षांना मत दिलं ज्यांना ती संसदच नको होती. दोघांच्या मिळून ६०८ पैकी ३१९ जागा! त्यामुळे 'बिचारी जनता, तिला वरच्यांनी फसवलं' ही गोष्ट मला फार सोयीची वाटते. सामान्य माणसालाही जाब विचारला पाहिजे.

रानवाटा

याचं कारण व्हर्सायचा तह आणि महागाई. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. लोक पगार पोत्यांतून नेत होते. आयुष्यभराची पुंजी एका पावाच्या किमतीची झाली की माणूस कुणाच्याही मागे जाईल.

आकडेमोड

रानवाटा, हे फार ऐकायला मिळतं, पण तारखा जुळत नाहीत. महागाई १९२३ ची. ती आटोक्यात आल्यावर १९२८ मध्ये नाझींना मिळाले २.६ टक्के. महागाईने मध्यमवर्गाचा विश्वास पोखरला हे मान्य, पण नाझींची मतं वाढली ती १९२९ च्या मंदीनंतर. तेव्हा भाव चढत नव्हते, पडत होते. चॅन्सेलर ब्र्युनिंगने त्या मंदीत सरकारी पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले.

आणि चिंचताईंना उत्तर: ब्र्युनिंगकडे बहुमत नव्हतं. म्हणून राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली अध्यक्षांच्या सहीने अध्यादेश काढून कारभार चालला. १९३० मध्ये असे अध्यादेश ५ होते. १९३२ मध्ये ते साठाच्या घरात गेले आणि संसदेने केलेले कायदे राहिले फक्त ५. हिटलर यायच्या आधीच संसद बाजूला पडली होती. तीन वर्षं सहीवर देश चालवायची सवय लागल्यावर पुढच्या माणसाला तीच सही हाताशी मिळाली.

पोवाडा

इटलीबद्दल लिहितो, कारण या खेळाची पहिली फेरी तिथेच झाली.

'रोमवरची चढाई' हा शब्दप्रयोग ऐकला की डोळ्यांसमोर लढाई येते. तसं काही घडलं नाही. ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस पावसात भिजलेले, धड शस्त्रं नसलेले मुसोलिनीचे काही हजार काळे डगलेवाले फॅसिस्ट रोमबाहेर थांबले होते. राजधानीतलं सैन्य त्यांना सहज पांगवू शकलं असतं. पंतप्रधान फाक्ताने २८ ऑक्टोबरच्या सकाळी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, रोमच्या भिंतींवर त्याची पत्रकंही चिकटवली गेली. फक्त राजाची सही बाकी होती. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने सही करायला नकार दिला. पत्रकं काढून घ्यावी लागली. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता. राजाचं बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या गाडीने झोपेच्या डब्यातून रोमला आला आणि पंतप्रधान झाला. चढाईवाले शहरात शिरले ते त्यानंतर, मिरवणुकीसाठी.

त्याआधीचं वर्ष बघा. १९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांना स्वतःच्या बळावर काही मिळालं नसतं. जोलित्ती, अनेकदा पंतप्रधान झालेला मुरब्बी उदारमतवादी, त्याने त्यांना आपल्या आघाडीच्या यादीत घेतलं. त्यातून ५३५ जणांच्या सभागृहात ३५ जण आले. आत आल्यावर ते निवळतील असा त्याचा अंदाज होता.

१६ नोव्हेंबर १९२२ ला मुसोलिनी पंतप्रधान म्हणून त्या सभागृहात पहिल्यांदा बोलला. हे करडं, बहिरं सभागृह मी माझ्या तुकड्यांचा तळ करू शकलो असतो, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. त्यानंतर त्याच सभागृहाने विश्वासदर्शक ठराव ३०६ विरुद्ध ११६ मतांनी मंजूर केला. जोलित्तीचं मत बाजूने. चिंचताई, सामान्य माणसाला जाब जरूर विचारा, पण आधी या ३०६ जणांना विचारा.

नुसताच वाचक

पोवाडा, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक शंका. फॅसिस्ट विरोधकांना एरंडेल पाजायचे म्हणतात ते खरं का? लहानपणी आमच्याकडे दर महिन्याला एका रविवारी तो कार्यक्रम असायचा, घरातून पळून जावंसं वाटायचं.

पोवाडा

खरं आहे, आणि ते फार क्रूर होतं. पो नदीच्या खोऱ्यात, फेर्रारा-बोलोन्याच्या बाजूला, शेतमजुरांच्या संघटना जोरात होत्या. १९२०-२१ मध्ये तिथल्या जमीनदारांनी फॅसिस्ट टोळ्यांना पैसा आणि गाड्या पुरवल्या. रात्री लॉरीतून यायचं, मजूर-संघाची कचेरी जाळायची, पुढाऱ्याला घरातून ओढून दंडुक्यांनी मारायचं आणि बळजबरीने एरंडेल पाजायचं. इतकं, की माणूस गावासमोर बेअब्रू व्हावा. काही जण त्यात दगावले. पोलीस बघत राहायचे. त्या गावांमध्ये १९२२ च्या आधीच निवडून आलेल्या समाजवादी नगरपालिका राजीनामे देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

कणखर

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. लोक काही मूर्ख नव्हते. वायमार काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकात, चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली. साठ लाख बेकार. हिटलरने चार वर्षांत बेकारी जवळजवळ संपवली, रस्ते बांधले. मुसोलिनीने रोमजवळच्या पोंटाइन दलदलीचा निचरा केला, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसं मरत होती. घरात चूल पेटत नसेल तर माणूस संसदेला काय करणार? हे समजून न घेता नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ

कणखर, चुलीचा मुद्दा अगदी रास्त आहे, म्हणूनच नीट उत्तर देते.

बेकारी उतरली हे खरं. कशी उतरली? रस्त्यांवर अगदी भरात असतानाही सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती, साठ लाखांपुढे हा आकडा किती? शिवाय कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता १९३२ मध्येच, हिटलरच्या आधी, कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी खुला केला होता. खरी भरती झाली ती शस्त्रांच्या कारखान्यांत, आणि १९३५ पासून सक्तीच्या लष्करी सेवेत. लग्न झालेल्या बायकांनी नोकरी सोडावी म्हणून कर्जाचं आमिष दाखवलं. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना आणि विरोधकांना सरकारी नोकरीतून काढलं.

आता मजुराचं काय झालं ते बघा. १९३३ मध्ये १ मे ही पगारी सुट्टी जाहीर झाली, कामगार संघटनांना त्याच दिवशी मोठ्या थाटात मिरवणुकीत नेलं. दुसऱ्या दिवशी, २ मेला सकाळी, देशभरातल्या त्यांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. त्यानंतर पगारवाढ मागायला तोंडच राहिलं नाही. चूल पेटली, पण तिच्यावर काय शिजवायचं हे ठरवायचा हक्क गेला, आणि सहा वर्षांत त्याच घरातला मुलगा पोलंडच्या सीमेवर उभा राहिला.

कणखर

गोदाकाठ, बायकांचा आणि सक्तीच्या भरतीचा मुद्दा माझ्या वाचनात नव्हता. विचार करायला लावणारा आहे. पण लोकांना तेव्हा हे दिसत होतं का? माझा प्रश्न तोच आहे.

बर्लिनवाली मावशी

कणखर, काहींना दिसत होतं. मी इथे बरीच वर्षं राहते. संसदेच्या इमारतीसमोरच्या मैदानाच्या कडेला ओतीव लोखंडाच्या ९६ पट्ट्या उभ्या करून ठेवल्यात, ओबडधोबड, पाट्यांच्या ढिगासारख्या. बहुतेक पर्यटक घुमटाचा फोटो काढून तसेच पुढे जातात. वाकून बघितलं तर प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेवर एक नाव कोरलेलं दिसतं. खासदाराचं नाव, पक्ष, मृत्यूचं वर्ष आणि ठिकाण. नाझी राजवटीत मारले गेलेले हे लोकप्रतिनिधी. माहेरचे पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. समाजवादी आणि कम्युनिस्ट नावं शेजारीशेजारी आहेत, जिवंतपणी ते एका टेबलावर बसत नव्हते.

२३ मार्च १९३३ ला सगळे अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देणारा कायदा आला. संसदेची इमारत महिन्याभरापूर्वी जळाली होती, म्हणून बैठक क्रोल ऑपेरा हाउसमध्ये. आतल्या मार्गिकांमध्ये नाझी पथकाचे गणवेशधारी उभे. कम्युनिस्टांचे ८१ प्रतिनिधी एकतर कैदेत, नाहीतर भूमिगत. डाखाउची छळछावणी आदल्याच दिवशी सुरू झालेली. अशा सभागृहात समाजवाद्यांचे नेते ऑटो व्हेल्स उठले आणि म्हणाले, 'आमचं स्वातंत्र्य आणि प्राण हिरावून घेता येतील, आमचा सन्मान नाही.' त्यांच्या पक्षाच्या हजर असलेल्या ९४ जणांनी विरोधात मत दिलं. बाजूने ४४४. कॅथॉलिक सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर विसंबून बाजूने मत दिलं. चार महिन्यांत तो पक्षही विसर्जित झाला.

ते ९४ वाचले की मला दरवेळी भरून येतं.

हिरवी चिंच

मावशी, शेवटची ओळ मलाही लागू. पण समाजवादी-कम्युनिस्ट एका टेबलावर का बसत नव्हते हेही सांगायला हवं. १९२८ पासून मॉस्कोचं धोरण होतं की समाजवादी हे 'सामाजिक फॅसिस्ट' आहेत, खरा शत्रू तेच. टेलमानचा जर्मन कम्युनिस्ट पक्ष त्याबरहुकूम चालला. नोव्हेंबर १९३२ मध्ये दोघांची मतं एकत्र केली तर नाझींपेक्षा जास्त भरतात.

आणि मास्तरांच्या मताला माझ्याकडून एक पुरावा, विरोधात बसूनही देते. २० जुलै १९३२ ला चॅन्सेलर पापेनने प्रशियाचं समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचं सरकार अध्यादेशाने बरखास्त केलं. जर्मनीचं सर्वांत मोठं राज्य आणि त्याचं पोलीसदल एका सकाळीत हातचं गेलं. हाच पापेन जानेवारीत हिंडेनबुर्गना हिटलरसाठी राजी करत होता. मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन, बाकी आमचीच माणसं, असा त्याचा युक्तिवाद. कुणीतरी धोक्याची सूचना दिली तेव्हा, दोन महिन्यांत आपण हिटलरला कोपऱ्यात असा दाबू की तो चीं चीं करील, असं त्याचं उत्तर होतं म्हणतात.

लाल चाफा

रशियाचं विचारलंय म्हणून. तिथे मास्तरांची चौकट बसत नाही. निवडणुकीचा किंवा म्हाताऱ्या अध्यक्षाचा प्रश्नच नव्हता, एकपक्षीय राज्य लेनिनच्या काळातच उभं राहिलं होतं. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. ट्रॉट्स्कीसारख्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना ते कारकुनी काम वाटलं. पण कुठल्या जिल्ह्यात कोण सचिव, अधिवेशनाला कोण प्रतिनिधी, हे त्याच टेबलावरून ठरत होतं. १९२७ मध्ये ट्रॉट्स्की पक्षाबाहेर, १९२९ मध्ये देशाबाहेर. मग सामूहिक शेतीची सक्ती, आणि १९३२-३३ चा दुष्काळ, ज्यात युक्रेनमध्ये लाखो शेतकरी धान्य पिकवूनही उपाशी मेले.

१९३४ च्या सतराव्या अधिवेशनाला 'विजेत्यांचं अधिवेशन' म्हणायचे. स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या क्रुश्चेव्हने १९५६ मध्ये जे आकडे वाचून दाखवले त्याप्रमाणे तिथल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली. निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ जणांपैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या. टाळ्या वाजवणारे आणि मारले गेलेले तेच.

आपला एक माणूसही त्यात गेला. सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, बर्लिनमध्ये राहून भारताच्या स्वातंत्र्यासाठी धडपडलेले. नाझींच्या वाढत्या जोरामुळे ते सोव्हिएत रशियात गेले, आणि १९३७ मध्ये तिथेच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. एका हुकूमशाहीतून निसटून दुसरीच्या तोंडी.

म्हापसेकर

पोर्तुगालचं मी लिहायला हवं, कारण ती हुकूमशाही आमच्या दारात होती.

सालाझार अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती. तिजोरी रिकामी, म्हणून १९२८ मध्ये लष्करशहांनीच त्याला कोइंब्राहून अर्थमंत्री म्हणून आणलं. सगळ्या खात्यांच्या खर्चावर माझा शब्द शेवटचा, अशी त्याची अट होती आणि ती मान्य झाली. ना भाषणबाजी, ना गणवेश. १९३२ मध्ये पंतप्रधान. १९३३ मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, त्यात जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतंही 'होय' म्हणून धरली! कणखर नेता म्हटला की लोकांना आरडाओरडा करणारा आठवतो. हा हिशेबाच्या वह्या घेऊन बसणारा होता आणि १९६८ पर्यंत टिकला.

१९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याच्या माणसाला खालच्या पायरीवर बसवलं. मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात त्याला उघड विरोध केला. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉरचा शिक्का. आमची आजी सांगायची, लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा आधी तपासायला द्यावी लागे. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे वाक्य एक परका कारकून वाचून शिक्का मारणार, मग ती गावात वाटायची. आजीला मुहूर्तापेक्षा शिक्क्याचीच काळजी होती. १९४६ मध्ये लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर वगैरेंना पकडून थेट पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. युरोपातला हा अध्याय १९४५ ला संपला असं पुस्तकं म्हणतात. आमच्याकडे तो १९ डिसेंबर १९६१ ला संपला.

रसिका

म्हापसेकर, पत्रिकेचं वाचून अंगावर काटा आला. आजींच्या आणखी आठवणी असतील तर वेगळा धागा काढा, नक्की.

विदर्भवासी

थोडं अवांतर. बाहेरच्यांना हे कसं दिसत होतं? टागोर १९२६ मध्ये मुसोलिनीचे पाहुणे होते, त्यांनी कौतुक केलं. मग फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ आणि निर्वासितांकडून खरी हकिगत कळल्यावर त्यांनी जाहीर पत्र लिहून फॅसिझमचा निषेध केला. १९२७ मध्ये चर्चिलने रोममध्ये मुसोलिनीची स्तुती केली. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये त्याला भेटले, तिथल्या मुलांच्या लष्करी संघटना पाहून त्यांनी डायरीत कौतुकाने लिहिलं. गांधीजीही डिसेंबर १९३१ मध्ये भेटले. १९३६ मध्ये कमलाबाईंच्या निधनानंतर परतताना नेहरूंना रोममध्ये भेटीचा आग्रह झाला, तो त्यांनी ठामपणे नाकारला. निमंत्रण आलं की पाहुण्याला काय दाखवायचं ते यजमान ठरवतो. तरीही काहींनी पलीकडचं पाहिलं, काहींनी नाही.

(आजच्या पक्षांवर घसरू नका रे, धागा चांगला चाललाय.)

शाळामास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल चाफा, रशिया वेगळा ठेवायला हवा हे मान्य, वर्गातही तो वेगळ्या तासाला घेईन. चिंचताईंचा ३१९ चा आकडा मात्र मी फळ्यावर नक्की लिहिणार. मतदारांनी संसद अडवून ठेवली, पण चावी कुणाला द्यायची ते मोजक्या लोकांनी ठरवलं. दोन्ही शिकवायला हवं.

आता उलटा प्रश्न. मंदी सगळीकडे होती, अशा टोळ्याही बहुतेक देशांत होत्या. मग जिथे हे घडलं नाही तिथे काय वेगळं होतं? 'त्यांची लोकशाही जुनी होती' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

उत्तरध्रुव

मास्तर, फिनलंड घ्या. स्वातंत्र्य १९१७ चं, लगेच १९१८ ला रक्तरंजित यादवी. म्हणजे जुनी लोकशाही वगैरे काही नाही. १९२९ मध्ये लापुआ चळवळ उभी राहिली, कम्युनिस्टविरोधी, शेतकऱ्यांत जोर. माणसं पळवून सीमेवर नेऊन सोडायची. १९३० मध्ये तर माजी अध्यक्ष स्टोलबर्ग आणि त्यांच्या पत्नीलाच पळवलं. १९३१ मध्ये अध्यक्ष झाले स्विनहुव्हुड, कट्टर उजवे, आणि ते या चळवळीच्याच पाठिंब्याने निवडून आले होते. फेब्रुवारी १९३२ मध्ये मेंत्सेले गावात सशस्त्र लोक जमले, सरकार बदला म्हणू लागले.

इथे रोमची आठवण काढा. तोच प्रसंग, तशीच सही. स्विनहुव्हुड यांनी सैन्याला सज्ज केलं आणि रेडिओवरून जमलेल्यांना सांगितलं की घरी जा, साध्या माणसांना शिक्षा होणार नाही, पुढाऱ्यांना होईल. लोक पांगले, पुढारी पकडले गेले, चळवळीवर बंदी आली. सही करणारा माणूस त्यांच्याच बाजूचा होता, तरी त्याने कायदा निवडला.

पोवाडा

उत्तरध्रुव, मला नेमकं हेच उदाहरण हवं होतं. व्हिक्टर इमॅन्युएलसमोर २८ ऑक्टोबरला हाच पर्याय खुला होता.

आकडेमोड

मग बेल्जियमही लिहून ठेवा मास्तर. १९३६ मध्ये देग्रेलच्या रेक्स या फॅसिस्ट वळणाच्या पक्षाने पहिल्याच फटक्यात २०२ पैकी २१ जागा मारल्या. त्या जोरावर त्याने एप्रिल १९३७ मध्ये ब्रसेल्समध्ये मुद्दाम पोटनिवडणूक घडवून आणली आणि स्वतः उभा राहिला. त्याच्याविरुद्ध थेट पंतप्रधान व्हान झीलांड उभे राहिले, आणि कॅथॉलिक, उदारमतवादी, समाजवादी, कम्युनिस्ट, कुणीही दुसरा उमेदवार दिला नाही. मालिनच्या कार्डिनलने मतदानाआधी जाहीर केलं की रेक्स हा देशाला आणि चर्चला धोका आहे. निकाल: व्हान झीलांड ७६ टक्के, देग्रेल १९. १९३९ च्या निवडणुकीत रेक्सच्या जागा २१ वरून ४ वर आल्या.

हिरवी चिंच

आकडेमोड, पंतप्रधानाच्या मागे कम्युनिस्टसुद्धा! टेलमानला बर्लिनमध्ये हे मॉस्कोने करू दिलं नाही. १९३५ मध्ये मॉस्कोने धोरण बदललं तोवर तो दोन वर्षं तुरुंगात होता. मास्तर, फिनलंड आणि बेल्जियम दोन्ही फळ्यावर घ्या. आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते इथे येऊन लिहा, वाट बघते.